एक ना धड...? बहुछंदी कामाविषयी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

प्रश्नाचे स्वरूप

एकाच माणसाने निव्वळ कुतूहलापोटी कला, शिक्षण आणि उपचार अशा वेगवेगळ्या क्षेत्रांत हात घालावा का, याबाबत मराठी समाज द्विधा आहे. असा माणूस यशस्वी झाला की त्याला हरहुन्नरी म्हणतात. अडखळला, की ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण तयारच असते. रविवारी बासरी वाजवणाऱ्याला कोणी हरकत घेत नाही, कारण त्या बासरीचा परिणाम फार तर शेजाऱ्यापुरता असतो. वाद सुरू होतो तो वाचक, विद्यार्थी किंवा रुग्ण समोर असतो तेव्हा. तेथे हौसेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागू शकते.

पुढे हा वाद जुन्या शास्त्रचर्चेच्या रीतीने मांडला आहे. पूर्वपक्ष आक्षेप घेतो, उत्तरपक्ष त्याला उत्तर देतो आणि शेवटी निर्णय येतो. उदाहरणे मुख्यतः वसई-विरार आणि पालघर जिल्ह्यातली आहेत. गरज पडेल तेथे मुंबई-पुण्याकडचीही घेतली आहेत.

कुतूहल भरवशाचे आहे काय?

पूर्वपक्ष : कुतूहल ही चंचल गोष्ट आहे. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास कुतूहलाचे दोन प्रकार सांगितले. एक नेमक्या प्रश्नाचे उत्तर शोधणारे, दुसरे कंटाळ्यातून जन्मणारे आणि नुसत्या नवेपणाकडे धावणारे. दर वर्षी नवे काम हाती घेणाऱ्या माणसात बहुधा दुसरा प्रकार काम करत असतो. उलट प्रावीण्य येते ते घासून. अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम गटातल्या विद्यार्थ्यांनी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत सरासरी ७,४०० तासांच्या आसपास एकट्याने रियाज केला होता. संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्या गटाचा रियाज सुमारे ३,४०० तासांचा होता. हे तास चार कामांत वाटले तर एकाही कामाला पुरत नाहीत.

पालघर जिल्ह्यातच याचा दाखला आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र आणि फक्त वारली चित्र काढले. त्रिकोण, वर्तुळ, रेषा आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग एवढ्याच सामग्रीवर त्यांचे आयुष्य गेले. त्यातून या कलेला जगभर ओळख मिळाली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

उत्तरपक्ष : व्हायोलिनचे नियम ठरलेले आहेत, गुरू ठरलेले आहेत, चूक झाली की ती लगेच ऐकू येते. तेथे तास मोजणे योग्यच. पण ज्या प्रश्नाला अजून गुरूच नाही, तेथे रियाज कशाचा करायचा? जॉर्ज लोवेनस्टाइन याने १९९४ मध्ये मांडले, की आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही यातली फट जाणवली की कुतूहल जागते. ही फट दिसायला आधी काही माहीत असावे लागते. म्हणजे खरे कुतूहल अज्ञानातून येत नाही, ते अभ्यासाच्या कडेला उगवते.

म्हसे यांचे उदाहरणही पुरते एकमार्गी नाही. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिणे हे परंपरेने सुवासिनींचे काम. एका पुरुषाने ते उचलले, विधीच्या बाहेर काढले, रोज काढले आणि भिंतीवरून कागदावर आणले. घालून दिलेली हद्द त्यांनीही ओलांडलीच.

सोपाऱ्याचा स्तूप

उत्तरपक्ष : १८८२ मध्ये नालासोपाऱ्याजवळच्या ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडाचे उत्खनन झाले आणि आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी करंडा होता. करंड्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे आणि ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती सापडल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच सुमारास सोपाऱ्यात मिळाला. हे काम करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुरातत्त्वाचे शिक्षण कोणत्याही वर्गात घेतले नव्हते. जुनागडला वाढलेल्या या मुलाला गिरनारच्या शिळेवर काय लिहिले आहे याचे कुतूहल वाटले. जेम्स प्रिन्सेपच्या ब्राह्मी वर्णमालेच्या तक्त्यावरून तो स्वतःच अक्षरे लावू लागला. पुढे लेडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

भगवानलालना हेरणारा माणूसही पाहण्यासारखा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. दवाखाना चालवता चालवता त्यांनी शिलालेख वाचले, अजिंठ्याच्या लेखांचा अभ्यास केला, मुलींच्या शाळांना पाठबळ दिले, मराठी नाटकाला आश्रय दिला आणि कुष्ठरोगावर औषध शोधले. ते केवळ नाडी पाहत बसले असते, तर शिलालेखांचे ठसे घेण्यासाठी देशभर फिरायची संधी एका अनोळखी जुनागडी तरुणाला कोणी दिली असती? भाऊ दाजी १८७४ मध्ये गेले. त्यांनी लावलेल्या अभ्यासाला सोपाऱ्यात फळ आले ते आठ वर्षांनी.

पूर्वपक्ष : या एका गोष्टीत दोन माणसे आहेत आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा. भगवानलाल नेपाळला गेले, नाशिकला गेले, मथुरेला गेले, पण सगळीकडे लेख आणि नाणीच पाहत होते. प्रवास अनेक, विषय एक. बहुछंदी होते ते भाऊ दाजी. त्यांच्या वैद्यक संशोधनाचे काय झाले? कडू कवठाच्या तेलावर त्यांनी मोठी आशा ठेवली. पण कुष्ठरोगावर खरी मात १९४० च्या दशकात सल्फोन औषधांनी सुरू केली आणि १९८० च्या दशकातल्या बहुऔषध उपचाराने ती पक्की केली. ती औषधे प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे एकाच रोगामागे लागलेल्या लोकांच्या कामातून आली.

उत्तरपक्ष : सल्फोन येईपर्यंत त्याच जातीच्या बियांचे तेल हा जगभर कुष्ठरोगावरचा मुख्य उपाय होता, हेही त्या हिशेबात धरावे. मात्र एवढे मान्य करायला हवे, की भाऊ दाजींचे शिलालेखांचे काम इतर विद्वान वाचून तपासत होते आणि ते टिकले. औषधाला तशी खुली, दीर्घ कसोटी मिळाली नाही. माणूस तोच, कुतूहलही तेच, तरी दोन कामांचे नशीब वेगळे झाले. फरक पडला तो तपासणाऱ्यांमुळे.

नंदाखालचे फादर

पूर्वपक्ष : जुन्या काळी विद्याशाखाच तयार झाल्या नव्हत्या, म्हणून तेव्हाच्या माणसांना मुभा होती. आज धर्मगुरूने धर्मकार्य करावे, संपादकाने संपादन, कार्यकर्त्याने चळवळ.

उत्तरपक्ष : विरारजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ही तिन्ही कामे केली. १९७२ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि एका धर्मप्रांताच्या नियतकालिकाला सर्व मराठी वाचकांशी जोडले. वसईच्या हरित पट्ट्यावर बांधकामांचे सावट आले आणि विहिरींचे गोडे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत ते पुढे उभे राहिले. बायबल त्यांनी सुबोध मराठीत आणले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू.

ही कामे वरून पाहता विखुरलेली वाटतात. आतून त्यांचे धागे जुळलेले आहेत. प्रवचन मराठीत करायचे तर मराठी घासावी लागते; ती घासली की मासिक चालवता येते; मासिक चालवले की कोणत्या वाक्याशी वाचक अडतो ते कळते आणि ते अनुवादात उपयोगी पडते. ज्यांच्यासमोर प्रवचन करायचे त्यांतले कितीतरी जण वाडीवाले. त्यांची विहीर आटू लागली तर धर्मगुरूने काय बोलावे, हा प्रश्न चळवळीत नेतो. एका कामाने दुसऱ्या कामाचा प्रश्न पुढे आणला. कंटाळा आला म्हणून येथे काहीच बदललेले नाही.

पूर्वपक्ष : मग याला बहुछंदीपणा म्हणू नये, एकाच निष्ठेच्या शाखा म्हणाव्यात. शिवाय चोवीस वर्षे एक मासिक चालवणे म्हणजे चिकाटी झाली. बायबलच्या अनुवादाला धर्मशास्त्राचा रीतसर अभ्यास पाठीशी होता, चळवळीला समिती होती. या माणसाचे कुतूहल कधी एकटे मोकाट सुटलेच नाही.

उत्तरपक्ष : नेमके तेच सांगायचे आहे. कुतूहलाने काम निवडावे, काम कसे करायचे ते मात्र त्या त्या कामाच्या शिस्तीने ठरवावे.

मुले ही प्रयोगशाळा नव्हे

पूर्वपक्ष : शिक्षणात ही मुभा अधिक महाग पडते. शिक्षकाच्या डोक्यात दर जूनमध्ये नवी पद्धत शिरली तर त्याचा तो एक प्रयोग असतो, मुलाचे मात्र अख्खे वर्ष असते. चित्र बिघडले तर कागद फाडता येतो. पहिली पुन्हा नव्याने करता येत नाही.

उत्तरपक्ष : प्रयोग न करणेही मुलांना महाग पडते. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शहरातली माँटेसरी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने उभी राहिली. मूल आंघोळ न करता येते, तर शाळेचा पहिला तास स्वच्छतेचा झाला. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी थांबते, म्हणून शाळेला पाळणाघर जोडले. मुले गुरे घेऊन रानात जातात, म्हणून शाळाच गुरांमागे कुरणात गेली आणि कुरणशाळा सुरू झाली. यातली एकही गोष्ट आधी आखलेल्या अभ्यासक्रमात नव्हती. ‘मूल शाळेत का येत नाही?’ या एका प्रश्नाचा पाठलाग करताना गाणी, गोष्टी, खेळणी, आरोग्य आणि पालकांशी संवाद अशी नाना कामे अंगावर आली.

पूर्वपक्ष : हे मान्य. पण दोन अटींवर. एक, प्रयोग फसला हे सांगणारा तेथे कोणी होता. मूल आले नाही की पद्धत चुकली, इतका तो सरळ निकाल होता. दोन, बाई वर्षभरात निघून गेल्या नाहीत. ताराबाईंनी आणि अनुताईंनी त्याच आदिवासी मुलांसाठी दशके दिली. आठवड्याअखेरची दोन शिबिरे घेऊन ‘अभिनव शिक्षणप्रयोग’ असा फलक लावणाऱ्याला कोसबाडचे नाव घेता येणार नाही.

उत्तरपक्षाला या अटी नाकारता येत नाहीत. शिक्षणापुरता वाद येथे जवळजवळ मिटतो. प्रयोग चालतील, पण त्यांचा निकाल मुलाने द्यायचा आणि निदान हाती घेतलेली तुकडी पार पडेपर्यंत जागा सोडायची नाही.

उपचाराची वेगळी रेषा

पूर्वपक्ष : उपचारात मात्र कुतूहलाला दाराबाहेरच थांबवावे. चित्र काढल्याने मन मोकळे होते, गाण्याने झोप लागते, मातीत हात घातल्याने ताण उतरतो, हे सगळे खरे असले तरी त्यावरून कोणी ‘थेरपिस्ट’ होत नाही. तीव्र नैराश्यातल्या माणसाला रंग देऊन बसवले आणि त्याच्या मनातला आत्महत्येचा विचार ओळखता आला नाही, तर हौसेचे मोल जीवाने चुकते होते.

उत्तरपक्ष : डॉ. अनिल अवचट यांचे उदाहरण याच्या उलट जाते. ओतूरला १९४४ मध्ये जन्मलेल्या या माणसाने वैद्यकीची पदवी घेतली आणि पत्रकारिता केली. हमाल, विडी कामगार, दुष्काळग्रस्त यांच्यावर लिहिले, मुलांसाठी पुस्तके लिहिली, ओरिगामी केली, लाकडात शिल्पे कोरली, बासरी वाजवली, चित्रे काढली. १९८० च्या दशकात गर्दच्या व्यसनावर त्यांनी लिहिलेल्या लेखांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलून गेले. त्यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. लेखकाचे कुतूहल नसते तर हे केंद्र उभे राहिले नसते.

पूर्वपक्ष : केंद्राची गरज लेखकाने दाखवली, उपचार मात्र मनोविकारतज्ज्ञाने उभे केले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या डॉक्टर होत्या. रुग्णाला काही आठवडे ठेवणे, दिनक्रम, औषधे, गटचर्चा, घरी गेल्यावरचा पाठपुरावा आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ गट ही सारी रचना प्रशिक्षणातून आणि अनुभवातून आली. बासरी आणि ओरिगामीने वातावरण हलके केले असेल, पण व्यसनमुक्तीचे श्रेय त्यांना देता येत नाही.

येथे पूर्वपक्षाचे पारडे जड आहे, आणि उत्तरपक्ष ते मान्य करून एक दुरुस्ती सुचवतो. कुतूहल उपचाराच्या दारापर्यंत आणू शकते. आत जायचे तर प्रशिक्षण लागते. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी घरातल्या झालेल्या कमला निंबकर आधी शिक्षणात काम करत होत्या. अपंगांच्या पुनर्वसनाची ओढ लागल्यावर त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा त्यांनी सुरू केली. विणकाम, सुतारकाम, मातीकाम हे हस्तव्यवसाय तेथे करमणुकीसाठी नव्हते. कोणत्या स्नायूला, कोणत्या सांध्याला, कोणत्या सवयीला कोणते काम द्यायचे याचा विचार करून ते दिले जात.

कलोपचाराचा इतिहासही असाच आहे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोगातून बरा होत असताना चित्रांनी त्याला धीर दिला. १९४२ मध्ये त्याने या पद्धतीला नाव दिले. पुढे तिला अभ्यासक्रम, देखरेख आणि नोंदी यांची चौकट आली. भारतात पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना नोंदणी आवश्यक केली. व्यवसायोपचार, भौतिकोपचार अशा शाखांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय कायदा झाला.

यावरून व्यवहारात उपयोगी पडणारा एक भेद हाती येतो. ज्येष्ठांसाठी चित्रकलेचा वर्ग, रुग्णालयाच्या वॉर्डात गाण्याचा कार्यक्रम, शाळेत ओरिगामीचा तास ही विरंगुळ्याची कामे आहेत. ती कोणीही हौशी, पण जबाबदार माणूस करू शकतो. निदान, ठरवलेले उद्दिष्ट, प्रगतीची नोंद आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवण्याची व्यवस्था हे सगळे असेल तरच त्याला उपचार म्हणावे. पहिल्या कामावर दुसऱ्याचे नाव लावणे ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

वेळेचा हिशेब

पूर्वपक्ष : ज्यांची नावे वर आली त्यांच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यच कामाला दिले होते. विरारच्या चाकरमान्याचे तसे नाही. चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. रोज तीनेक तास लोकलमध्ये जातात. उरलेल्या वेळात एक गोष्ट नीट झाली तरी पुष्कळ.

उत्तरपक्ष : त्याच लोकलच्या डब्यात भजनी मंडळे टाळ-ढोलकी घेऊन वर्षानुवर्षे गात आली आहेत. दर डिसेंबरच्या अखेरीस वसईच्या कला-क्रीडा महोत्सवात नोकरदार, विद्यार्थी, गृहिणी स्पर्धेला उतरतात. वेळ थोडा असला तरी काम ठरल्या दिवशी, ठरल्या मंडळीत होत असेल तर ते टिकते. वसईच्या वाडीत नारळाखाली केळ, केळीच्या आडोशाने भाजी आणि शेजारी पानवेल असते. तेवढ्याच जमिनीत चार पिके निघतात.

पूर्वपक्ष : निघतात, पण पानवेलीला तिची सावली, तिचा आधार आणि तिचे पाणी वेळेवर द्यावे लागते. नारळाला पाणी दिले म्हणून पानवेल जगत नाही. जितकी पिके वाढतील तितक्या पाळ्या वाढतात, आणि किती पाळ्या झेपतील ते विहिरीवर ठरते.

निर्णय

दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातून चार गोष्टी निश्चित होतात.

पहिली, कामांची संख्या हा गुणही नाही आणि दोषही नाही. म्हसे यांची एकाग्रता आणि दिब्रिटोंचा विस्तार या दोन्हींतून टिकाऊ काम झाले आहे. आधीच्या कामाने उभा केलेला प्रश्न पुढच्या कामाकडे नेत असेल तर विस्तार सकस असतो. आधीचे काम अवघड झाले म्हणून नवे सुरू केले असेल तर म्हण लागू पडते.

दुसरी, प्रत्येक कामात चूक दाखवणारा कोणीतरी हवा. मासिकाला वाचक, शिलालेखाच्या वाचनाला इतर विद्वान, बालवाडीला न येणारे मूल, उपचाराला प्रशिक्षित सहकारी. स्वतःच करणारा आणि स्वतःच परीक्षक, अशी व्यवस्था जेथे असेल तेथे कुतूहल हौसेच्या पुढे जात नाही.

तिसरी, मुभा क्षेत्रागणिक बदलते. कलेत कोणीही केव्हाही सुरुवात करावी आणि केव्हाही थांबावे. शिक्षणात सुरुवात मोकळी, पण थांबणे मुलांच्या सोयीने. उपचारात प्रशिक्षण आणि देखरेख यांशिवाय सुरुवातच नाही.

चौथी, अनेक कामे करणाऱ्याला प्रत्येक काम शेवटपर्यंत स्वतः वाहता येत नाही, म्हणून ते दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी पहिल्यापासून ठेवावी लागते. कोसबाडचे काम संस्थेच्या रूपाने पुढे गेले. १९९७ मध्ये डॉ. अनिता आणि २०२२ मध्ये डॉ. अनिल अवचट गेल्यावरही मुक्तांगण चालू राहिले, कारण सहकारी घडवले होते आणि पद्धत ठरलेली होती. ज्या कामाचा असा वारस तयार होत नाही, ते कर्त्याचा उत्साह ओसरला की बंद पडते. आणि त्याचा तोटा कर्त्यापेक्षा त्यावर विसंबलेल्यांना अधिक होतो.